बॅश स्क्रिप्टमधील लांबलेली इफ-एलिफची साखळी: केस वापरावे का, आणि कुठवर?

अक्कलकोट रोड (प्रश्न)

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल आणि चादरींच्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी संगणकाचे काम पाहतो. व्यापाऱ्यांकडून आणि दलालांकडून येणाऱ्या मागणीच्या फाइली एका सामायिक फोल्डरमध्ये जमा होतात. त्यांची नावे बहुतेक मराठीत असतात आणि साधारण ‘चादर-नागपूर-१२०’, ‘टॉवेल-पुणे-५००’, ‘नॅपकिन-लातूर-३००’ अशा धाटणीची असतात, म्हणजे आधी माल, मग गाव आणि शेवटी नगांची संख्या. संख्या कोणी मराठी अंकांत लिहितो, कोणी इंग्रजी अंकांत.

या फाइली योग्य त्या विभागाच्या फोल्डरमध्ये हलवण्यासाठी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारी एक बॅश स्क्रिप्ट आहे, म्हणजे बॅश या शेलने (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल. ती मुळात छोटी होती. पण लग्नसराई आली की वॉलहँगिंगची भर, दिवाळी आली की भेटसंचांची भर, असे करत करत तिच्यातील इफ-एलिफची साखळी (‘असे असेल तर हे, नाहीतर तसे असेल तर ते’ अशा अटींची रांग) आता एका पडद्यावर मावत नाही. प्रत्येक अटीत फाइलचे नाव इको करून (छापून) ते मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेकडे पाठवले आहे आणि नावाची सुरुवात अमुक शब्दाने होते का, हे पाहिले आहे. मधूनच एक अट फाइल रिकामी आहे का ते पाहते आणि आणखी एक अट नगांची संख्या ४०० च्या वर आहे का ते पाहते, कारण मोठ्या मागणीची नोंद रवानगी विभागाच्या यादीतही करावी लागते. सर्वांत शेवटी एल्स (एकही अट खरी नसेल तेव्हाची शाखा) आहे, पण त्यात काहीही न करणाऱ्या ‘:’ या आज्ञेशिवाय काहीच लिहिलेले नाही.

कार्यालयातील एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ही सगळी साखळी काढून केस-इसॅक वापरावे, म्हणजे स्क्रिप्ट वेगवानही होईल आणि वाचायलाही सोपी जाईल. मला हे पटते, पण पूर्णपणे नाही. वेग खरोखर वाढतो की तो केवळ समज आहे? रिकामी फाइल आणि नगांची संख्या या अटी केसमध्ये बसवता येतात का, आणि येत असल्या तरी बसवाव्यात का? मराठी नावांमुळे काही वेगळी अडचण येऊ शकते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सात रस्ता

नमस्कार. आपण वर्णन केलेल्या साखळीत दोन वेगळ्या जातींच्या अटी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि ती वाचायला जड जाते त्याचे मुख्य कारण हेच आहे. ‘या नावाची सुरुवात कशाने होते’ हा प्रश्न सर्व शाखांना समान आहे. बदलते ते फक्त उत्तर. ‘फाइल रिकामी आहे का’ आणि ‘नग ४०० च्या वर आहेत का’ हे मात्र त्या नावाबद्दलचे प्रश्नच नाहीत. केस हे पहिल्या जातीसाठी बनवलेले आहे. एकच मजकूर घ्यायचा, तो नमुन्यांच्या यादीशी वरून खाली ताडून पाहायचा आणि जो नमुना प्रथम जुळेल त्याची शाखा चालवायची, एवढेच ते करते. त्यामुळे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळते की पुढचा सगळा निर्णय एकाच चलावर (व्हेरिएबलवर) अवलंबून आहे. इफ-एलिफच्या साखळीत ही खात्री मिळत नाही. आठव्या एलिफमध्ये कोणी हळूच दुसरेच चल तपासले आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक ओळ वाचावी लागते.

मी हे मोबाइलवरून लिहीत असल्यामुळे कळीचे शब्द आणि चलांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये ती रोमन लिपीतच हवीत, कारण बॅश चलाच्या नावात देवनागरी अक्षर स्वीकारत नाही. नमुन्यांतील आणि किमतींतील शब्द मात्र देवनागरीत असले तरी चालतात.

```
केस "$नाव" इन
  रद्द-*)             विभाग=रद्द ;;
  चादर-नमुना-*)       विभाग=नमुने ;;
  चादर-*|बेडशीट-*)    विभाग=चादरी ;;
  टॉवेल-*|नॅपकिन-*)    विभाग=टॉवेल ;;
  *)                  विभाग=तपासा ;;
इसॅक
```

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ‘चादर-नमुना-’ ही शाखा ‘चादर-’ च्या वर आहे. ती खाली गेली तर तिच्यापर्यंत एकही फाइल पोहोचणार नाही, कारण ‘चादर-*’ हा व्यापक नमुना तिच्या सगळ्या फाइली आधीच उचलून नेईल, आणि बॅश याबद्दल एका शब्दाने तक्रार करणार नाही. विशेष नमुना वर आणि व्यापक नमुना खाली, हा क्रम कटाक्षाने पाळावा. दुसरे असे की तारांकन (*, म्हणजे ‘येथे काहीही चालेल’) अवतरणचिन्हांत गेले तर ते तारांकन राहत नाही, साधे अक्षर होते. म्हणून नमुन्याचा काही भाग अवतरणात घ्यायची वेळ आलीच, तर तारांकन बाहेर ठेवावे. केस या शब्दानंतर येणाऱ्या चलाला अवतरणचिन्हे नसली तरी बॅश तेथे शब्दांची फोड करत नाही, तरीही मी ती लिहितो, कारण इतर ठिकाणी ती लागतातच आणि सवय एकच असलेली बरी.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटची शाखा. एकही नमुना जुळला नाही तर केस मुकाट्याने पुढे जाते आणि त्याचा निर्गम संकेत शून्य, म्हणजे ‘सर्व ठीक’ असाच असतो. त्यामुळे चूक झाल्यावर स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय आपण सुरू ठेवला असला तरी तो येथे उपयोगी पडत नाही. आपले रिकामे एल्स आज जे करते तेच शेवटची शाखा नसलेले केस करील: अनोळखी नावाची फाइल जागच्या जागी पडून राहील आणि व्यापाऱ्याचा फोन येईपर्यंत ती कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून शेवटच्या शाखेने काहीतरी बोलले पाहिजे. निदान त्रुटीच्या प्रवाहावर (चुकांचे संदेश छापण्याच्या वेगळ्या मार्गावर) फाइलचे नाव छापावे आणि ती फाइल तपासणीच्या फोल्डरमध्ये टाकावी.

आता रिकाम्या फाइलींबद्दल. ती अट केसच्या आधी स्वतंत्र इफ म्हणून लिहावी आणि फाइल रिकामी असेल तर तेथूनच कंटिन्यूने पुढच्या फाइलीकडे जावे. नगांची अटही केसच्या बाहेर, त्याच्या खाली, स्वतंत्र इफमध्येच शोभते. केसला लहान-मोठे कळत नाही. त्याला केवळ अक्षरांचा आकार कळतो. ‘तीन अंकी आहे का’ हे नमुन्याने विचारता येते, ‘४०० पेक्षा जास्त आहे का’ हे सरळपणे विचारता येत नाही. काही जण केसच्या डोक्यावर स्थिर किंमत ठेवून नमुन्याच्या जागी गणिती अट लिहितात आणि ते चालतेही, पण ही चतुराई पुढच्या माणसाला डोकेदुखी ठरते. तसे करायचेच असेल तर मूळ इफ काय वाईट होते?

मात्र संख्येची तुलना करण्यापूर्वी ती खरोखर संख्या आहे ना, हे पाहायला केस फार उपयोगी आहे. नावातील शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा भाग वेगळा काढावा आणि तो असा तपासावा:

```
केस "$नग" इन
  ''|*[![:डिजिट:]]*)  संख्या=नाही ;;
  *)                 संख्या=आहे ;;
इसॅक
```

पहिला नमुना म्हणजे ‘एकतर काहीच नाही, किंवा कुठे ना कुठे अंकाव्यतिरिक्त काहीतरी आहे’. याला ग्रेप लागत नाही, नियमित अभिव्यक्ती (रेग्युलर एक्सप्रेशन) लागत नाही, आणि हे पॉसिक्स हे युनिक्सचे प्रमाणक पाळणाऱ्या कोणत्याही शेलमध्ये चालते. ही चाळणी आधी लावली नाही तर ‘५००नग’ असे काही आले की इफमधील तुलना ‘पूर्णांक अपेक्षित होता’ अशा अर्थाची तक्रार करून अट खोटी धरते आणि मोठी मागणी रवानगीच्या यादीतून गळते. शिवाय नगांच्या आधी शून्य लिहिण्याची सवय कोणाला असेल, तर दुहेरी गोल कंसातील तुलना ‘०५००’ ही संख्या अष्टमान (आठ पायाची) समजते आणि ‘०८०’ आल्यास चक्क त्रुटी देते. एकेरी चौकटी कंसातील तुलना ती दशमानच मानते, म्हणून येथे जुना एकेरी कंस बरा.

जुळे सोलापूर

वेगाबद्दल थोडेसे. आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याचे कारण केसमध्ये नाही, ग्रेपमध्ये आहे. एकेका अटीत इको करून पाइपने ग्रेपकडे पाठवताना शेलला दर वेळी नव्या प्रक्रिया सुरू कराव्या लागतात. ‘वॉलहँगिंग’ची शाखा साखळीत पंधरावी असेल, तर त्या एका फाइलीसाठी चौदा निष्फळ ग्रेप होऊन मग पंधरावा जुळतो. केस हा शेलचाच कळशब्द असल्यामुळे सगळी ताडणी शेलच्या आतच होते. फाइली शेकड्यांनी असतील तर हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसेल. पण आपण साखळी तशीच ठेवून ग्रेपच्या जागी दुहेरी चौकटी कंसातील नमुन्याची तुलना लिहिली असती, तरी जवळजवळ तेवढाच वेळ वाचला असता.

सी भाषेतील स्विच पाहिलेल्यांचा येथे एक गैरसमज होतो. तेथे किमती पूर्णांकांच्या असतात आणि कंपायलर अनेकदा उडीचा तक्ता बनवून थेट हव्या त्या शाखेवर जातो. बॅशमध्ये असे काही नाही. ते एकेक नमुना क्रमाने ताडत खाली येते. म्हणून ज्या मालाच्या फाइली सर्वाधिक येतात त्याची शाखा वर ठेवायला हरकत नाही, पण ‘सात रस्ता’ यांनी सांगितलेला विशेष-व्यापक क्रम मोडत नसेल तरच.

जुन्या युनिक्स स्क्रिप्टमध्ये जिथे तिथे केस दिसते त्यालाही हेच कारण आहे. स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ साली सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आला तेव्हा टेस्ट ही अट तपासणारी आज्ञा शेलच्या पोटात नव्हती. तो स्वतंत्र प्रोग्रॅम होता आणि प्रत्येक इफमागे तो नव्याने चालवावा लागे. केसला तो खर्च नव्हता. आज टेस्ट शेलमध्येच असल्यामुळे ते कारण उरलेले नाही, आणि दोन शाखांच्या साध्या अटीसाठी केवळ वेगाच्या नावाखाली केस लिहिण्यात आता काही अर्थ नाही. (ओघात आले म्हणून: केसचा शेवट उलट्या स्पेलिंगच्या इसॅकने आणि इफचा फायने करण्याची पद्धत बॉर्न यांनी अल्गोल ६८ या भाषेवरून घेतली. डूचा शेवट मात्र त्याच न्यायाने ओडी असा होऊ शकला नाही, कारण त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच होती; म्हणून तेथे डन आले.)

विजापूर रोड

मराठी नावांबद्दलचा प्रश्न अजून कोणी हाताळलेला नाही आणि माझ्या अनुभवाने खरी गंमत तेथेच आहे. ‘चादर-*’ यासारखा नमुना, म्हणजे आधी ठरावीक अक्षरे आणि मग तारांकन, कोठेही बिनघोर चालतो, कारण त्यात बाइटची बाइटशी ताडणी झाली तरी उत्तर तेच येते. अडचण येते ती प्रश्नचिन्ह आणि चौकटी कंस वापरल्यावर. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’; पण अक्षर म्हणजे काय, हे लोकॅलवर (भाषा आणि अक्षरांची पद्धत ठरवणाऱ्या मांडणीवर) ठरते. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) लोकॅलमध्ये ‘चादर’ हा शब्द चार अक्षरांचा आहे: च, काना, द आणि र. काना बॅशच्या लेखी स्वतंत्र अक्षर आहे, हे ध्यानात ठेवावे. सी या कोणत्याही भाषेशी न बांधलेल्या मूळ लोकॅलमध्ये मात्र तोच शब्द बारा अक्षरांचा होतो, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते आणि तेथे प्रश्नचिन्ह एकेक बाइट मोजते.

टर्मिनलवर हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित काम करते आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालवली की फाइली ‘तपासा’ फोल्डरमध्ये जाऊन पडतात, असा प्रकार दिसला तर सर्वप्रथम लोकॅल पाहावा. क्रॉनला आपल्या टर्मिनलचाच लोकॅल मिळेल असे गृहीत धरू नये. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी_ऑल हे चल यूटीएफ-८ च्या लोकॅलवर बसवावे, म्हणजे दोन्हीकडे वर्तन सारखे राहील.

अंकांचेही तसेच आहे. ‘सात रस्ता’ यांच्या नमुन्यातील डिजिट हा वर्ग फक्त इंग्रजी दहा अंकांना अंक मानतो. म्हणून ‘चादर-नागपूर-१२०’ मधील संख्या मराठी अंकांत असेल तर ती ‘संख्या नाही’ या शाखेत जाईल. ते एका अर्थी चांगलेच आहे, कारण बॅशच्या गणिताला मराठी अंक कळतच नाहीत. पण मग तपासणीपूर्वी त्यांचे रूपांतर करून घ्यावे लागेल. त्यासाठी सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनातील वाय ही आज्ञा वापरावी. तिला एका बाजूला ‘०१२३४५६७८९’ आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्रमाने इंग्रजी अंक द्यावेत. हे काम टीआर या अक्षरे बदलणाऱ्या आज्ञेकडे सोपवू नये. लिनक्सवरचे जीएनयू टीआर बाइट मोजून चालते आणि तीन-तीन बाइटच्या मराठी अंकांचा त्यात पार चुथडा होतो. सेडलाही यूटीएफ-८ लोकॅल हवाच. तो नसेल तर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही असे सांगून ते थांबते. निदान ते थांबते तरी!

सर्वांत चिवट अडचण मात्र टंकलेखनाची आहे. ‘टॉवेल’ या शब्दातील ट वरचा ऑ दोन प्रकारे टंकला जातो. कळफलकावर त्यासाठी एकच चिन्ह आहे, पण अनेक जण आधी काना देतात आणि मग त्यावर अर्धचंद्र चढवतात. पडद्यावर ‘टॉवेल’ आणि ‘टाॅवेल’ बहुतेक फाँटमध्ये एकसारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडचे प्रमाणीकरण करूनही ते एक होत नाहीत, कारण युनिकोडने त्या दोन रूपांना समतुल्य मानलेले नाही. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांची कथाही तीच. साखळीत ग्रेप असताना या फाइली रिकाम्या एल्समध्ये गुपचूप मुरत असणार. केसमध्ये यावर उपाय सोपा आहे; उभ्या रेघेने दोन्ही रूपे एकाच शाखेत लिहावीत:

```
  टॉवेल-*|टाॅवेल-*|नॅपकिन-*)  विभाग=टॉवेल ;;
```

ही ओळ पाहून नंतर कोणी ‘एकच शब्द दोनदा कशाला’ म्हणून त्यातील एक काढून टाकण्याचा धोका आहे. म्हणून वर एक टीप अवश्य लिहावी.

अक्कलकोट रोड (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘विजापूर रोड’ यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या फोल्डरमध्ये न हललेल्या फाइली पाहिल्या, तर त्यांत खरोखरच काना आणि अर्धचंद्र वेगवेगळे टंकलेल्या टॉवेलच्या फाइली निघाल्या. याशिवाय आणखी दोन शंका आहेत. निर्यातीचा माल आणि देशांतर्गत माल यांची फोल्डरे वेगळी आहेत आणि ती माहिती दुसऱ्याच एका चलात असते. तेव्हा केसच्या प्रत्येक शाखेत पुन्हा इफ लिहावे का? दुसरे म्हणजे, चादरींच्या नमुन्याची फाइल नमुना विभागाकडेही जायला हवी आणि चादर विभागाकडेही. एकदा नमुना जुळल्यावर केस थांबत असेल तर हे कसे साधावे? आमच्या लेखा विभागात एक मॅक आहे आणि ही स्क्रिप्ट पुढे तेथेही चालवायची आहे.

सात रस्ता

पहिल्या शंकेला सरळ उत्तर आहे. दोन्ही चले मध्ये एक चिन्ह ठेवून जोडावीत आणि जोडून झालेल्या मजकुरावर केस चालवावे:

```
केस "$बाजार:$नाव" इन
  निर्यात:चादर-*)  ... ;;
  देशी:चादर-*)     ... ;;
  *:रद्द-*)        ... ;;
```

‘बाजार कोणताही असो, पण मागणी रद्द आहे’ असे तिसऱ्या ओळीत किती सहज म्हणता येते ते पाहावे. क्रमाचा नियम येथेही आहेच. पण ‘रद्द’ हा शब्द मालाच्या जागी येत असल्यामुळे वरच्या दोन शाखांशी त्याची टक्कर होत नाही. जोडचिन्ह मात्र असे निवडावे जे ‘बाजार’ या चलात कधीच येणार नाही. तीन किंवा चार चले जोडण्याचा मोह झाला तर थांबावे. तेव्हा निर्णय एका मजकुरावर अवलंबून राहिलेला नसतो आणि केस वाचणे साखळीइतकेच जिकिरीचे होते.

दुसऱ्या शंकेसाठी बॅश ४.० मध्ये, म्हणजे २००९ साली, दोन अर्धविरामांच्या जोडीला आणखी दोन शेवट आले. अर्धविराम आणि अँपरसँड (;&) लिहिले तर पुढच्या शाखेतील आज्ञा तिचा नमुना न तपासताच चालतात. दोन अर्धविराम आणि अँपरसँड (;;&) लिहिले तर पुढचे नमुने तपासणे चालू राहते आणि जो जुळेल तोही चालतो. आपल्याला दुसरा प्रकार हवा आहे. पण माझा सल्ला असा की या कामासाठी दोन्ही वापरू नयेत. एक तर मॅकबरोबर येणारे बॅश ३.२ आवृत्तीचे आहे आणि त्याला हे दोन्ही शेवट ठाऊक नाहीत; तेथे स्क्रिप्ट वाक्यरचनेच्या त्रुटीवरच अडेल. दुसरे म्हणजे अँपरसँडचे ते एक टिंबाएवढे चिन्ह वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. त्यापेक्षा ‘चादर-नमुना-’ च्या शाखेत विभागाच्या जागी दोन नावे लिहावीत, ‘नमुने चादरी’ अशी, आणि फाइलीच्या प्रती करणारा फॉर लूप त्या यादीवर फिरवावा. या एकाच ठिकाणी चलाला अवतरणचिन्हे नकोत, कारण शब्दांची फोड व्हावी अशीच येथे आपली इच्छा आहे.

आपली स्क्रिप्ट एसएच या नावाने सुरू होत असेल तर तेही तपासावे. उबुंटूवर ६.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, एसएच म्हणजे बॅश नसून डॅश हा छोटा शेल आहे. दुहेरी चौकटी कंस तेथे चालत नाहीत. साधे केस मात्र पॉसिक्समध्ये असल्यामुळे जसेच्या तसे चालते. माझ्या दृष्टीने साखळीऐवजी केस लिहिण्याचे हे एक स्वतंत्र आणि भक्कम कारण आहे.

होटगी रोड

स्क्रिप्ट एवढी वाढली असेल तर ती पायथनमध्ये लिहावी, असे कोणी सुचवण्यापूर्वी एक सावधगिरीची सूचना. पायथन ३.१० मध्ये, २०२१ साली, मॅच-केस आले खरे, पण ते बॅशच्या केसचे भावंड नाही. तेथे केसपुढे अवतरणाशिवाय नुसते नाव लिहिले तर ते ताडणीसाठी घेतले जात नाही. समोर येईल ती किंमत त्या नावात साठवली जाते, म्हणजे ती शाखा सर्वांनाच जुळते. अशी शाखा शेवटची नसेल तर पायथन निदान त्रुटी देते, पण शेवटची असेल तर गप्प राहते. शिवाय ‘चादर-ने सुरू होणारे’ असे तारांकनाचे नमुने मजकुरासाठी तेथे नाहीतच. त्यासाठी पुन्हा इफ आणि स्टार्ट्सविथ यांचीच साखळी करावी लागते. पीएचपीतील स्विच सैल तुलना करते, त्यातच ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत शून्य ही संख्या कोणत्याही बिगर-अंकी मजकुराशी जुळत असे. २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीतील मॅच काटेकोर तुलना करते आणि काहीच जुळले नाही तर अपवाद फेकते. बॅशच्या केसमध्ये मला सर्वांत जास्त खटकते ती याच गोष्टीची उणीव. पण फाइलींच्या नावांची वर्गवारी हे काम बॅशच्या नमुन्यांना जितके सहज जमते तितके या दोन्ही भाषांना जमत नाही, तेव्हा भाषा बदलण्याची घाई करू नये.

जुळे सोलापूर

बदल करताना जुनी साखळी लगेच पुसून टाकू नका. साखळी एका फंक्शनमध्ये आणि केस दुसऱ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि दोन्ही फंक्शन्सनी फाइल न हलवता फक्त विभागाचे नाव छापावे असे करा. गेल्या हंगामातील फाइलींची नावे एका यादीत घेऊन ती दोन्हींतून चालवा आणि निघालेल्या दोन याद्या फरक दाखवणाऱ्या डिफ या आज्ञेला द्या. ज्या ओळींत फरक दिसेल त्यांतील काही ठिकाणी केस सुधारलेले असेल, जसे त्या टॉवेलच्या फाइलींचे, आणि काही ठिकाणी ग्रेपच्या नमुन्यात आडवी रेघ नसल्यामुळे ‘चादरसंच’सारखे नाव जे पूर्वी चादरींत जात होते ते आता ‘तपासा’मध्ये गेलेले असेल. अशा प्रत्येक ओळीबद्दल कोणता विभाग बरोबर, हे रवानगी विभागाला विचारूनच ठरवावे.